मी झोपल्यावर पेटीने जागू नये

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. वहीत, शाईने. जे लिहायचे ते पेटीत ठेवता येणार नाही, कारण लिहायचे पेटीबद्दलच आहे.

घटना. पुस्तकांच्या खोलीतल्या पेटीवर चार हिरवे दिवे असतात. आज सकाळी तिसरा नारिंगी. काल रात्री दहाला मी स्वतः भिंतीवरचे बटण बंद केले तेव्हा चारही हिरवे होते. मधल्या वेळात कोणी काय केले, हा पहिला प्रश्न.

पेटी म्हणजे नेटवर्क स्टोरेज. जाड शब्दकोशाएवढा काळा डबा, आत चार डिस्क, घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचे सामान त्यात एकत्र. दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला साडूने भेट दिली. चारांतली एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचे काम भरून काढतात, असे तो तेव्हा म्हणाला होता. एकत्र कुटुंबात असे घडलेले मी पाहिलेले नाही. पण भेट देणाऱ्याचा उत्साह मोडू नये.

साडूने एवढी महाग भेट का दिली, हा दुसरा प्रश्न. दोन वर्षे अनुत्तरित.

पेटीत काय काय: पहिले, माझा ग्रंथ, ‘संशयमीमांसा’. नऊ वर्षांचे काम. न्यायशास्त्राने सोळा पदार्थांत संशयाला तिसरे स्थान दिले आहे. हल्लीच्या माणसाने त्याला घराबाहेर काढले, अशी ग्रंथाची एकूण भूमिका. मी वार्ताहर. सव्वीस वर्षे ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढेच छापून येत आलो. ग्रंथावर नाव येईल. म्हणूनच तो कोणाच्या हाती पडता कामा नये.

दुसरे, हिचा आवाज. दृष्टिहीन वाचकांच्या श्राव्य ग्रंथालयासाठी ही पुस्तके वाचून रेकॉर्ड करते. सध्या साठ प्रकरणांची एक कादंबरी. पन्नास प्रकरणे दिली, शेवटची दहा पेटीत. साठावे वाचून संपवले आणि दुसऱ्या दिवशी घसा बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वरतंतूंवर गाठी आहेत. छोटे ऑपरेशन झाले. आता कडक मौन. ही चिठ्ठ्या लिहून बोलते. मी त्या तारीख घालून जपून ठेवतो.

त्या दहा प्रकरणांची दुसरी प्रत नाही. रेकॉर्डरचे कार्ड मी दर वेळी पुसून टाकतो. घरातल्या बाईमाणसाचा आवाज इकडेतिकडे पडून राहू नये.

दुपारी २.२५. नेहमीप्रमाणे पेटी बंद करून वामकुक्षी. मी झोपलेला असताना यंत्राने जागे राहावे, हे मला पहिल्या दिवसापासून पटलेले नाही.

४ फेब्रुवारी
साडूला फोन. नारिंगी म्हटल्याबरोबर म्हणाला, अहो पंडित, डिस्क गेली, घाबरू नका, नवी घालायची, माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, उद्याच पाठवतो.

मी फक्त रंग सांगितला होता. त्याला रोग, औषध आणि वैद्य, तिन्ही तयार होते.

५ फेब्रुवारी, बुधवार
साडूचा माणूस आला. पस्तिशीचा असेल. पाठीवर दप्तर, खिशात सहा प्रकारचे स्क्रूड्रायव्हर. मी त्याचे नाव धन्वंतरी ठेवले आहे, अर्थात मनात. तो मला काका म्हणतो, अर्थात तोंडावर. वयाने मी त्याचा फार तर मोठा भाऊ.

त्याने पेटीला कॉम्प्युटर जोडला, जीभ टाळ्याला लावून च्च केले आणि म्हणाला, तिसरी गेलीच आहे, पण पहिलीचेही काही खरे नाही. नवी घातली की पेटी तिच्यावर सगळे पुन्हा रचायला घेईल. वीस तास लागतील. त्या वीस तासांत बंद करायची नाही. आणि त्याआधी, काका, मी सगळ्याची एक प्रत काढून घेतो, म्हणजे झोप लागेल.

कोणाची झोप, ते सांगितले नाही.

म्हणजे आल्या आल्या प्रत. त्याच्या दप्तरात रिकामी डिस्क तयार होती. साडू नऊ वर्षे मला विचारतो आहे, पंडित, ग्रंथ कुठवर आला. आता कळले का विचारतो ते.

मी म्हणालो, प्रतीची आवश्यकता नाही. हिने चिठ्ठी पुढे केली: ‘काढू द्या त्याला.’ मी चिठ्ठीवर तारीख घातली आणि धन्वंतरीला जिन्यापर्यंत पोचवले. जाताना तो हिच्याकडे बघून म्हणाला, काकू, तुम्ही तरी सांगा. ही काय सांगणार. तिने गळ्याकडे बोट दाखवले.

संकल्प: डिस्क मी बदलणार. सूचनापुस्तिका छत्तीस पानांची आहे. व्याकरण शिकताना याहून कठीण सूत्रे पाठ केली आहेत.

८ फेब्रुवारी
धन्वंतरीने सांगितलेले दुकान टाळून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून डिस्क आणली. दुकानदाराने विचारले, कोणत्या पेटीला हवी. मी म्हणालो, ते तुम्हाला कशाला. तो म्हणाला, बसायला हवी म्हणून. मोघम उत्तर.

येताना दोनदा बस बदलली.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.३०
जुनी तिसरी काढली, नवी घातली. टक् असा आवाज झाला. पडद्यावर आले: पुनर्रचना सुरू, ० टक्के.

सुरक्षा म्हणून पेटीच्या तोंडावर कागदाच्या आठ पट्ट्या डिंकाने चिकटवल्या, प्रत्येकीवर आडवी सही. कोणी डिस्क ओढली तर सही फाटेल. पुढची जाळी जवळजवळ झाकली गेली, त्यामुळे आत डोकावण्याचाही प्रश्न मिटला.

दुपारी २.२०
पस्तीस टक्के. पेच असा: वीस तास बंद करू नये, असे धन्वंतरी म्हणतो. पण तो म्हणतो हेच बंद करण्याचे कारण असू शकते. पेटी इंटरनेटला जोडलेली आहे. मी दीड तास झोपणार. तेवढ्यात आत काय रचले जाईल आणि काय बाहेर जाईल, कोण बघणार? साक्षीदाराविना झालेले काम शास्त्रात प्रमाण नाही.

२.२५. बंद केली.

दुपारी ४.०५
चहा घेऊन सुरू केली. ० टक्के. यंत्र प्रामाणिक असते तर सोडल्या जागेपासून पुढे गेले असते. ही दारात उभी होती. तिने चिठ्ठी लिहिली नाही, नुसती पेन्सिल हातात धरून उभी राहिली.

११ फेब्रुवारी
सकाळच्या पाळीत पस्तीस टक्के, संध्याकाळच्या पाळीत तीस. कालचे पासष्ट, आजचे पासष्ट. एकशेतीस टक्के झाले. तरी यंत्र शंभर मान्य करत नाही.

पेटीला हात लावला. इस्त्रीसारखी गरम. काम चालू असल्याची खूण.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ८.००
पहिला दिवाही नारिंगी. दुसरा आणि चौथा हिरवा, नवा तिसरा लुकलुकतो. पडद्यावर लिहून आले की पेटीतली जागा कोसळली आहे. जागा कशी कोसळेल? वस्तू कोसळतात.

ग्रंथाचे फोल्डर नाही. हिचे फोल्डर नाही. फोटो नाहीत.

हिला सांगितले. तिने पाटीसारखा पॅड मांडीवर घेतला. मग एवढेच लिहिले: ‘दहाही?’

मी म्हणालो, माझा ग्रंथही. ते तिने वाचल्यासारखे केले नाही. म्हणजे ऐकल्यासारखे.

१४ फेब्रुवारी
श्राव्य ग्रंथालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन. दर सोमवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात अकराजण जमतात आणि दोन प्रकरणे एकत्र ऐकतात. चोवीस तारखेला पन्नासावे संपणार. पुढची कधी देता? त्यात एक निवृत्त न्यायाधीश आहेत, वय एकोणनव्वद. ते दर मंगळवारी सकाळी फोन करून विचारतात की शेवट ताईंचा वाचून झाला आहे ना, नक्की ना. ताई म्हणजे ही.

मी म्हणालो, वाचून झाला आहे, तांत्रिक संस्कार चालू आहेत. खोटे एकही अक्षर नाही.

ही शेजारी उभी राहून ऐकत होती. चिठ्ठी: ‘मला पुन्हा वाचायला जूननंतरच. डॉक्टरांनी काल सांगितलं. त्यांना खरं सांगा.’

खरे सांगण्याआधी खरे काय ते निश्चित व्हायला हवे. धन्वंतरीला बोलावले आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
धन्वंतरी आला. पेटीकडे बघून त्याने विचारले, हे काय, काका, हिला पट्ट्या का बांधल्या, मार लागलाय का. मी सह्यांचे प्रयोजन समजावले. तो नखाने एकेक पट्टी काढत गेला आणि म्हणाला, इथून हिला श्वास घ्यायचा असतो.

मग बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये बघत बसला. शेवटी म्हणाला, आता हिला कोणी हात लावायचा नाही, सुरू करायची नाही, बंद करायची नाही. चारही डिस्क आणि ती जुनी तिसरीसुद्धा माझ्याकडे न्यायच्या. एकेकीची कण न् कण नक्कल करायची, मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचे नाही, मग नकलांवरून जोडून बघायचे काय सुटते ते.

पुन्हा नक्कल. मी म्हणालो, डिस्क घराबाहेर जाणार नाहीत.

तो म्हणाला, मग आवाजही घराबाहेर जाणार नाही.

उत्तर उद्धट होते. पण ही त्याच्यासाठी दुसऱ्यांदा चहा टाकायला उठली.

२० फेब्रुवारी
तीन दिवसांच्या वाटाघाटींनंतर करार. डिस्क त्याच्या दुकानात जातील, मीही जाईन. काम चालेल तोवर मी समोर बसेन. त्याने फोनवर विचारले, रोज? मी म्हणालो, रोज. मागे साडूचे हसणे ऐकू आले असे वाटले. दोघे एका खोलीत होते की माझा कान, हे ठरवता आले नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
धन्वंतरीचे दुकान म्हणजे चष्मेवाल्याच्या डोक्यावरची एक खोली. अरुंद जिना, टेबलावर हिरवी रबरी चटई, भिंतीला उघड्या डिस्कांची चकचकीत पोटे टांगलेली. खाली चष्मेवाल्याचे काच घासायचे यंत्र दिवसभर सुंई करते. मला एक उंच स्टूल मिळाले. त्याला पाठ नाही. हे मुद्दाम.

डिस्क मी मांडीवर घेऊन बसने आणल्या होत्या. पाचही जणी टॉवेलात. शेजारच्या बाईने विचारले, मांजराची पिल्ले का. मी टॉवेल घट्ट केला.

पहिली डिस्क यंत्राला लावली. पडद्यावर लाखो छोटे चौकोन. वाचले की हिरवा, वाचता आले नाही की लाल. धन्वंतरी म्हणाला, आता फक्त बघायचे. शेतावरच्या बुजगावण्यासारखे.

दुपारी २.२५ ला एक किरकोळ प्रसंग. माझा हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे गेला. धन्वंतरीने मनगट धरले आणि बराच वेळ सोडले नाही. मग अगदी हळू आवाजात विचारले, काका, घरी रोज किती वाजता?

प्रश्न कळला नाही.  त्याने बटणावर जाड चिकटपट्टी लावली.

२४ फेब्रुवारी, सोमवार
पाठ दुखते. पहिली डिस्क: नव्वद टक्के हिरवी. दुसरी आणि चौथी पूर्ण हिरव्या. जुनी तिसरी आज सुरू झाली. आवाज करते, करवतीसारखा.

आज ग्रंथपालबाईंकडे पन्नासावे प्रकरण लागणार. त्यात थोरला भाऊ घर सोडून निघतो. तो कुठे जातो ते एक्कावन्नात आहे. एक्कावन्न चौकोनांत आहे.

धन्वंतरीने आज डबा वाटून खाल्ला. खाताना म्हणाला, काका, तुमच्यासारखे गिऱ्हाईक मी पाहिले नाही. मी धन्यवाद दिले.

२५ फेब्रुवारी
महत्त्वाचा शोध. पेटी स्वतः रोजनिशी ठेवते. तारीख, वेळ, घटना. तिची शैली माझ्याहून त्रोटक. धन्वंतरीने छापून दिली, बावीस पाने. दोन वर्षे, रोज: ‘दुपारी २.२५, वीज अचानक गेली.’ ‘रात्री १०.००, वीज अचानक गेली.’ डिस्कांनीही मोजून ठेवले आहे: एक हजार तीनशे एकेचाळीस वेळा. प्रत्येक वेळी फिरत्या डिस्कवरची सुई जिवाच्या आकांताने मागे खेचली जाते, असे तो म्हणाला. धावत्या गाडीला रोज दोनदा भिंतीवर घातले तर गाडी किती टिकेल, असेही म्हणाला.

म्हणजे घातपात. मला पहिल्यापासून वाटत होते.

संध्याकाळी बसमध्ये पूर्ण बावीस पाने वाचली. रविवारी दुपारी एकदाही वीज गेलेली नाही. रविवारी दुपारी साडू आमच्याकडे पत्ते खेळायला असतो. मी झोपत नाही. समोर माणसे असताना हात आवरतो. किती सावध माणूस.

२६ फेब्रुवारी
दुकानाला सुट्टी. घरी वामकुक्षी. त्याआधी बावीस पाने हिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, विचार कर, या घरात रोज दोन पंचविसाला कोण मोकळे असते.

उठल्यावर उशीजवळ चिठ्ठी: ‘चोर सापडला. घोरत होता.’

नाव लिहिलेले नाही. साडू दुपारी येऊन गेला का, ते शेजाऱ्यांना विचारले पाहिजे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
शेजारी म्हणाले, कोणी आले नव्हते.

२८ फेब्रुवारी. दुपारी १२.४०
दुकानात. धन्वंतरीने नकला एकत्र जोडल्या. म्हणाला, फाइल दिसते आहे, पण दिसणे आणि असणे यांत फरक आहे, वाजवून बघू. हे वाक्य माझ्या ग्रंथात शोभले असते.

त्याने वाजवली. एक्कावन्नावे प्रकरण.

पाच आठवड्यांनी हिचा आवाज ऐकला. टेबलावरच्या दोन छोट्या स्पीकरमधून. थोरला भाऊ बंदरावर पोचतो, एका अनोळखी बाईला रस्ता विचारतो. ही ती बाई होते आणि मग पुन्हा तो होते. आवाज बदलत नाही, फक्त श्वास बदलते. सत्तावीस वर्षांत मी तिला इतके सलग बोलू दिल्याचे आठवत नाही.

खालचे काच घासायचे यंत्र थांबले. चष्मेवाला जिन्यावरून वर आला आणि दारात टेकून उभा राहिला. प्रकरण संपल्यावर त्याने विचारले, मग पुढे?

धन्वंतरीकडे माझे लक्ष नव्हते. त्या अर्ध्या तासात त्याने काय काय कॉपी केले असेल ते मला सांगता येणार नाही. ही नोंद नंतर खोडावी.

१ मार्च, शनिवार
अंतिम निदान. एक्कावन्न ते छप्पन्न: पूर्ण. सत्तावन्न ते साठ: नाही. ती चार जिथे होती तिथे पहिली डिस्क लाल आहे, जुनी तिसरीही लाल, आणि नव्या तिसरीवर रचायचे काम तिथवर कधी पोचलेच नाही. धन्वंतरी म्हणाला, एकदा तरी वीस तास सलग मिळाले असते ना, काका. पुढे काही बोलला नाही. बोलला असता तर मला खोडून काढता आले असते.

माझा ग्रंथ मात्र अक्षर न् अक्षर सुखरूप. त्याने सांगितले: सगळा मिळाला, एकेचाळीस केबी. मी सावधपणे विचारले, एकेचाळीस म्हणजे पुष्कळ का. तो म्हणाला, काकूंचे एक प्रकरण तीस हजार केबी आहे. मग घाईने म्हणाला, पण आवाज जड असतो, अक्षर हलके. अकरा फाइल आहेत, सगळ्यांचे नाव प्रस्तावना.

प्रस्तावना हा ग्रंथाचा पाया असतो. पाया अकरा वेळा घातला म्हणजे इमारत किती भक्कम होईल.

घरी आल्यावर हिला सहा आणि चार हा आकडा सांगितला. तिने सहा बोटे दाखवून मान हलवली आणि चार दाखवून खिडकीबाहेर बघितले. चिठ्ठी नाही. माझ्या ग्रंथाचे तिने विचारले नाही. विसरली असेल.

५ मार्च
पेटीत चार नव्या डिस्क. धन्वंतरीने सोबत बॅटरीचा एक डबा जोडला. आता भिंतीवरचे बटण बंद केले तरी पेटी चालू राहते आणि बारीक आवाजात तक्रार करते. शिवाय प्लग त्याने पुस्तकांच्या कपाटामागे नेला आणि कपाट भिंतीला ठोकले. हे कोणी सांगितले, असे मी विचारले. त्याने हिच्याकडे पाहिले. हिने खिळ्यांचा डबा उचलला आणि आत गेली.

रोज एक प्रत आपोआप दुसऱ्या जागी जाईल. दुसरी जागा: साडूचे घर. मी हरकत घेतली. साडूने फोनवर विचारले, पंडित, एकेचाळीस केबी मी कुठे विकणार? म्हणजे आकडा त्याच्यापर्यंत पोचला आहे. गळती कुठून झाली ते शोधणे चालू.

७ मार्च
पण एक गोष्ट मनात सलते. ग्रंथपालबाईंना खरे सांगितले: रविवारी पोचवली ती सहाच आहेत, पुढची चार नाहीत, ताईंचा आवाज जूनपर्यंत नाही. बाई म्हणाल्या, न्यायाधीश साहेब परवा म्हणत होते, यंदाचे आंबे मी खाईन की नाही ते ठाऊक नाही, पण त्या थोरल्याचे काय होते ते कळायला हवे.

हिने विचारले, म्हणजे लिहिले: ‘काय म्हणाले?’ मी म्हणालो, विशेष काही नाही.

संकल्प: उरलेली चार मी वाचणार. पुस्तक घरात आहे, आवाज घरात आहे. नऊ वर्षे संस्कृत पाठशाळेत शुद्ध उच्चारांची छडी खाल्ली आहे. ती वाया का जावी? सतरा तारखेला छप्पन्नावे लागले की त्यापुढच्या सोमवारी लोक हिच्या आवाजातून माझ्या आवाजात प्रवेश करतील. तक्रारीचे कारण नाही.

१० मार्च, सोमवार
सत्तावन्नावे सुरू. ही वाचताना काय करते ते मी कधी पाहिले नव्हते. आज चिठ्ठीवरून कळले: कपाट उघडून कपड्यांत तोंड घालून बसते, म्हणजे खोली घुमत नाही. मला त्याची गरज नाही. माझा आवाज मुळात गंभीर.

१४ मार्च
अठ्ठावन्न संपले. लेखकाने एके ठिकाणी तिथी आणि चंद्राची कला यांचा मेळ चुकवला आहे. वाचताना तिथेच दुरुस्ती सांगितली. धाकट्या भावाच्या मुनिमाचे वागणे पहिल्यापासून संशयास्पद आहे. लेखक ते दडवतो. श्रोत्यांना दिसत नाही, तर त्यांना सावध करणे माझे कर्तव्य. मुनिम आला की आधी क्षणभर थांबतो आणि आवाज खाली आणतो. आता बाळालाही कळेल.

१८ मार्च
साठही झाले. एकंदर सव्वापाच तास. हिने तीच चार प्रकरणे अडीच तासांत वाचली असती असे ग्रंथपालबाईंच्या हिशेबावरून दिसते. घाई हा तिचा दोष नाही, वयाचा आहे.

जातीने जाऊन कार्ड ग्रंथपालबाईंच्या हाती दिले. त्यांनी पावती द्यायला नकार दिला नाही. चांगली बाई.

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.००
आत्ता ऐकत असतील. मुनिम चौथ्या मिनिटाला येतो.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी १०.३०
ग्रंथपालबाईंचा फोन. फार नम्र बोलल्या. नम्रता वाढली की मी सावध होतो.

म्हणाल्या, काल सत्तावन्नावे लावले. अकरा मिनिटांनी न्यायाधीश साहेबांनी काठी आपटली आणि विचारले, हे कोण आहे आणि मला गुन्हेगार आधीच का सांगतो आहे. मग चर्चा झाली. चर्चेनंतर एकेकाला वेगवेगळे विचारले. अकराही जणांनी एकच सांगितले: ताईंचा आवाज परत येईपर्यंत थांबतो.

मी विचारले, न्यायाधीशसुद्धा? बाई म्हणाल्या, तेच सर्वांत आधी. म्हणाले, माझे वय एकोणनव्वद आहे, मी थांबतो, मला अजिबात घाई नाही.

फोन ठेवल्यावर संशय घ्यायला बसलो. साडूने पढवले म्हणावे तर साडू त्यांना ओळखत नाही. ग्रंथपालबाईंना लाभ नाही. अकरा साक्षीदार, वेगवेगळे विचारलेले, कोणाचेही माझ्याशी वैर नाही, मला कोणी पाहिलेलेही नाही. शास्त्राप्रमाणे अशी साक्ष ग्राह्य धरावी लागते. तासभर प्रयत्न केला. कोणी सापडेना.

दुपारी १.१५
हिला सांगितले. वाटले हसेल. हसली नाही. डॉक्टरांनी मनाई केली आहे. पॅडवर लिहिले: ‘मला ऐकवा.’

पेटीतली प्रत लावताना सव्वापाच तास लागतील, असे बजावले. तिने उशी पाठीला घेतली.

संध्याकाळी ६.४०
ही चारही प्रकरणे शेवटपर्यंत ऐकत बसली. मुनिमाच्या वेळी एकदा डोळे मिटले, पण उठली नाही. मध्येच थांबवायला तिला सध्या आवाज नाही.